कुंडीतली डोंगरबाग: कोल्हापुरात प्रदर्शनासाठी जमेल का?

राजारामपुरीची_गच्ची

नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरातल्या पुष्पप्रदर्शनात लघुउद्यानाच्या गटात भाग घ्यायचं ठरवलंय. त्या गटात दरवर्षी काय असतं ते तुम्ही बघितलंच असेल. पांढरे खडे, प्लास्टिकचा पूल, एक हरीण, सिरॅमिकची झोपडी आणि कोपऱ्यात कोंबलेलं एखादं सक्युलंट. मला तसं करायचं नाही.

मध्यंतरी इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या अल्पाइन, म्हणजे उंच थंड डोंगरावरच्या झाडांच्या प्रदर्शनांचे फोटो बघण्यात आले आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. उथळ दगडी कुंडी, तिरके उभे खडक, त्यांच्या फटीत उशीसारखी गच्च बसलेली झाडं आणि त्यावर बोटाच्या पेराहून लहान फुलं. सगळं मिळून दीड फुटात, पण बघताना डोंगराच्या कडेला उभं असल्यासारखं वाटतं.

गटाचा नियम असा की कुंडी दीड फुटाच्या आत हवी आणि झाडं मुळं धरलेली हवीत, आयत्या वेळी खोचलेली चालत नाहीत. माझी गच्ची पूर्वेला मोकळी आहे, दुपारी तीननंतर शेजारच्या बिल्डिंगची सावली येते. भाचा शिमल्याला असतो. सेम्परव्हायवम आणि सॅक्सिफ्रागाची रोपं आणून देतो म्हणतोय, दोन्ही अशीच डोंगरातली बुटकी झाडं. टिकतील का इथं? कुंडी कसली घ्यावी, माती कशी करावी? आता जून लागलाय, म्हणजे हातात सहा महिने आहेत. ज्यांनी दगडात झाडं लावली आहेत त्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.

माजी_सुभेदार_गडहिंग्लज

ताई, प्रदर्शनातलं मला काही कळत नाही, पण ही उशीची झाडं मी जागेवर बघितलीत. लडाखात पोस्टिंग होतं तेव्हा पाच हजार मीटरच्या वर, जिथं गवताची काडी दिसायची मारामार, तिथं दगडाला चिकटून हिरवे गोळे असायचे. लांबून वाटायचं शेवाळ चढलंय. हात लावला तर दगडासारखं टणक. बोट आत जायचं नाही. शास्त्रीय नाव नंतर एका अधिकाऱ्यानं सांगितलं, थायलाकोस्पर्मम. हजारो बारक्या फांद्या एकाच उंचीवर येऊन थांबलेल्या. वर वाऱ्याला धरायला काही नाही आणि आत ऊब राहते. त्याच्या पोटात दुसरी रोपं पण उगवलेली असतात.

तिथं जुलैत पण रात्री पाणी गोठायचं. ते झाड राजारामपुरीत आणून मे महिना काढेल असं मला तर वाटत नाही. पण करा बघा, तुमची कल्पना लई आवडली.

पन्हाळा_रोड

शिमला कशाला पाहिजे? श्रावणात मसाई पठारावर जायचं, एक पिशवी भरून आणायची. सीतेची आसवं, गेंद, आभाळी, सगळं बारीक आणि सगळं दगडातलं. फुकटात काम.

जांभा_आणि_काळा

ताई, मी बांधकामातला माणूस, झाडं हा छंद. त्यामुळं माझं उत्तर दगडापासून सुरू होणार. अशा बागेत तेच बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे.

पण आधी रोपांचं. सॅक्सिफ्रागा आणू नका. सुभेदार साहेबांनी बरोबर सांगितलंय. अल्पाइन झाड आपल्याकडं मरतं ते दिवसाच्या उन्हानं कमी आणि रात्रीच्या उकाड्यानं जास्त. ऊन सावलीच्या जाळीनं अडवता येतं, पण एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरची रात्र 22-23 अंशांवर अडून बसते त्याला काय करणार? झाड दिवसा जे कमावतं त्यातलं काही रात्री श्वसनात खर्च करतं, आणि रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. डोंगरमाथ्यावर रात्री गारठा असतो म्हणून त्यांचा हिशेब जुळतो. इथं दीड-दोन महिने तोट्यात काढायचे आणि वर लगेच पावसाळा. त्या गच्च पानांच्या आत ओल शिरली की मधूनच कुजायला लागतं, वरून हिरवं दिसत असतानाच.

खुद्द ब्रिटनमध्येसुद्धा या लोकांची खरी झुंज हिवाळ्यातल्या ओलीशी असते. डोंगरावर ही झाडं बर्फाखाली कोरडी निजलेली असतात आणि खाली मैदानात त्यांच्या डोक्यावर सारखी रिपरिप. म्हणून तिथं अल्पाइन हाउस बांधतात. वर काच, चारी बाजूंनी उघडझाप करता येणाऱ्या खिडक्या, आणि आत मातीच्या कुंड्या कडेपर्यंत वाळूत पुरलेल्या. पाणी बरेच जण कुंडीत न घालता भोवतीच्या वाळूत घालतात. ते मातीच्या भिंतीतून मुळाला पोचतं आणि झाडाचा गळा, म्हणजे खोड मातीला टेकतं ती जागा, कोरडा राहतो. वाळूमुळं मुळं गारही राहतात. गळा कोरडा, मूळ गार, ही दोन कामं जमली की बाकी सगळं जमतं. आणि ही दोन कामं आपल्या झाडांनाही तितकीच लागतात.

सेम्परव्हायवम नोव्हेंबरात आणलात तर प्रदर्शनापुरता नक्की छान दिसेल. पण पुढच्या पावसाळ्यात जाणार हे माहीत असताना झाड आणायचं, हे मला पटत नाही.

आता कुंडी. तुम्ही फोटोत बघितल्या त्या दगडी डोणी मुळात गुरांना पाणी पाजायच्या, नाहीतर स्वयंपाकघरातली दगडी मोरी. 1920 च्या दशकात क्लॅरन्स एलियट नावाच्या रोपवाटिकावाल्यानं त्यात डोंगरी झाडं लावून लोकांपुढं मांडली आणि तिथून ही पद्धत रुळली. 1929 ला अल्पाइन गार्डन सोसायटी निघाली, 1933 ला स्कॉटिश रॉक गार्डन क्लब. त्यांच्या प्रदर्शनांत कुंडीच्या व्यासावर गट पाडतात, 19 सेंटिमीटर आणि 36 सेंटिमीटर. अल्पाइन गार्डन सोसायटीच्या प्रदर्शनात सगळ्यात उत्तम झाडाला फॅरर पदक मिळतं. हा रेजिनाल्ड फॅरर वनस्पती शोधत हिंडता हिंडता 1920 साली ब्रह्मदेशाच्या डोंगरात चाळिशीतच वारला.

डोण आपल्याकडंही आहे, जुन्या विहिरींच्या काठाला अजून दिसते. पण ती दीड फुटात बसत नाही आणि उचलायला चार गडी लागतात. मी तुम्हाला दोन वाटा सांगतो. एक, शाहूपुरीच्या किंवा बापट कॅम्पच्या कुंभारांकडून सोळा इंची, चार-पाच बोटं खोल परळ, म्हणजे मातीचं उथळ पसरट भांडं, करून घ्या. तळाला एकाऐवजी पाच भोकं पाडायला सांगा, ओलं असतानाच. गणपतीच्या कामात ते गुंतायच्या आत, म्हणजे याच पंधरवड्यात जा. दुसरी वाट थोडी खटपटीची, पण मला जास्त आवडते: मासळीचा थर्माकोलचा खोका. रत्नागिरी-मालवणहून मासळी येते ते खोके बाजारात पडलेले असतात. कापून हवा तो आकार करा, कडा गोलसर करा, तारेच्या ब्रशनं बाहेरून खरवडा. मग एक भाग सिमेंट, एक भाग वाळू, दोन भाग चाळलेलं कोकोपीट असा माल कालवून अर्धा इंच थापा. दुसऱ्या दिवशी, माल पुरता घट्ट व्हायच्या आत, परत ब्रश मारला की हुबेहूब झिजलेला दगड दिसतो. गोणपाट गुंडाळून तीन आठवडे ओलं ठेवायचं, स्लॅबला करतो तसंच क्युरिंग. नंतर पावसात उघडं टाकायचं म्हणजे सिमेंटचा चुना धुऊन जातो, नाहीतर मुळांना बाधतो. वजन इतकं कमी होतं की एकटी बाई रिक्षातून नेऊ शकते.

आता दगड. इथं मात्र मी वेळ घेणार आहे.

फोटोतल्या त्या बागा भव्य वाटतात त्या थरांमुळं. एकाच जातीचा दगड, सगळ्या चिरा एकाच दिशेला आणि एकाच उताराला, आणि प्रत्येक दगडाचा निदान तिसरा हिस्सा मातीत गाडलेला. मग डोळा मानतो की हा वरून ठेवलेला दगड नाही, खालून वर आलेला खडक आहे. चेक बागायतदारांनी हे फार पुढं नेलं. ते चपटे दगड कडेवर उभे करून, बोटभर फटी सोडून, नुसत्या फटींचीच बाग करतात. मूळ फटीतून सरळ खाली गारव्याला जातं, गळ्यापाशी दगड असतो म्हणून ओल थांबत नाही. तुम्हाला तसंच करायचं असेल तर शहाबादी फरशीचे तुकडे घ्या. कुठल्याही साइटवर मिळतील. पण पॉलिशची बाजू आत ठेवा आणि तुटलेली कड वर.

पण ताई, मी तुमच्या जागी असतो तर ते केलं नसतं. तिरके, उभे, मुडपलेले थर हे आल्प्स आणि हिमालयाचं रूप आहे, तिथं जमीन रेटली जाऊन दुमडलेली आहे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालाय. आपले थर आडवे आहेत. पन्हाळ्याला तीन दरवाज्याच्या बाजूनं कड्याकडं एकदा नीट बघा. वर जांभ्याची, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाची टोपी, खाली काळा पाषाण, मधे गवताची हिरवी पट्टी, परत पाषाण. हे चित्र दीड फुटात आणा. कोल्हापूरच्या प्रदर्शनात सह्याद्रीचा कडा मांडलेला मी अजून बघितलेला नाही.

त्यासाठी काळ्या दगडाच्या कपच्या घ्या, घडाईचं काम चालतं तिथं ढीग असतो. दोन बोटं जाडीच्या निवडा. एका बाजूला तीन पायऱ्या आडव्या रचा, प्रत्येक पायरी खालच्यापेक्षा थोडी आत, आणि पायरीचा माथा किंचित मागं झुकलेला, म्हणजे पाणी आत मुळाकडं जाईल. पायऱ्यांची रुंदी सारखी नको. सगळ्यात वर जांभ्याचा एकच तुकडा, कुंडीच्या मधोमध नाही, एका अंगाला. दुसरं अंग मोकळं सोडा, तो सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं खडकाळ पठार. जांभ्यासाठी कोकणातून येणारा बांधकामाचा चिरा चालतो. ताज्या कापलेल्या चिऱ्यात छिन्नी सहज जाते, हवेत राहिला की तो कडक होतो. म्हणून रोपांची भोकं आधीच पाडून घ्या, अंगठ्याएवढी आणि खाली आरपार. इंग्लंडात हेच काम टुफा नावाच्या चुनखडी दगडात करतात. जांभ्यात चुना नाही, लोह आहे, पण पाणी धरून ठेवायचा आणि मुळाला वाट द्यायचा गुण त्यातही आहे.

माती: टोप-शिये भागातल्या क्रशरची क्रश सँड दोन भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग, लाल माती एक भाग. क्रश सँड दोन-तीन पाणी धुऊन घ्या, पांढरी पूड राहिली तर सगळं सिमेंटसारखं आवळतं. काळी माती चिमूटभरही नको. आणि तळाला खडीचा थर घालायची जी पद्धत आहे ती सोडा. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, वरच अडून राहतं. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे.

आता पन्हाळा_रोड यांना. भावा, हात जोडून सांगतो, पठारावरून काही उपटू नकोस. सीतेची आसवं आणि गेंद वर्षायू आहेत. पावसात उगवतात, बी टाकतात, ऑक्टोबर सरला की संपतात. डिसेंबरातल्या प्रदर्शनाला त्यातलं एक पान राहणार नाही. सीतेची आसवं तर कीटकभक्षी, मुळंच नाहीत तिला. पाणथळ मातीत बारीक पिशव्या पसरून त्यात सूक्ष्म जीव धरते. कुंडीतल्या खतमातीत आठवडा काढणार नाही. म्हणजे तुझ्या हाती काही लागलं नाही आणि सड्यावरचं पुढच्या वर्षीचं बी मात्र गेलं. सड्यावर माती किती असते? कुठं दोन बोटं, कुठं तेवढीही नाही. एक गड्डा उपटला की तेवढी माती पावसात वाहून जाते, परत साठायला किती काळ लागेल कोण जाणे. कंदीलपुष्पांच्या काही जाती तर जगात फक्त आपल्या सह्याद्रीत आहेत आणि मोजक्याच जागी उरल्यात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागानं ती वाढवून जपायला मोठं काम केलंय. तिथं माणसं एकेक कंद वाचवत असताना आपण पिशवी घेऊन जायचं, हे बरं नव्हे.

पन्हाळा_रोड

वर्षायू असतात हे ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत. फोटोच काढेन.

कृष्णाकाठची_बाग_सांगली

जांभा दादांनी दगडाचं सांगितलं, मी झाडांचं सांगते. मी या गटात बरीच वर्षं भाग घेतेय आणि एक-दोन ठिकाणी परीक्षणालाही बसलेय.

राजारामपुरीच्या ताई, झाड निवडताना फुलाकडं बघू नका, पानाकडं बघा. पान करंगळीच्या नखापेक्षा मोठं असेल तर ते झाड बाद. एक मोठं पान आलं की तुमचा कडा परत कुंडी होऊन बसतो. परीक्षक सगळ्यात आधी प्रमाण बघतात.

नर्सरीत मिळणाऱ्यांपैकी माझ्या भरवशाची सांगते. कड्यावरच्या वाऱ्यानं वाकलेल्या झाडासाठी सेरिसा किंवा सिंगापूर हॉली, दोन्हीची पानं बारीक आणि कातर सोसतात. जेड, म्हणजे पोर्टुलकारिया, पण चालेल, पाणी कमी लागतं. एकच लावा, आणि जांभ्याच्या त्या तुकड्याच्या आडोशाला. उशीच्या आकाराला बारीक पानाचं सेडम. त्याला नायट्रोजनचं खत अजिबात नको, पोसलं की लांबतं आणि मधून फाकतं. अर्धा दिवस कडक ऊन आणि उपाशी माती मिळाली तर गच्च बसतं. तुमचं पूर्वेचं ऊन त्याला अगदी योग्य. फटीत हावर्थियाची सगळ्यात लहान पिल्लं, एका फटीत एकच. पायऱ्यांच्या सावलीच्या अंगाला सेलाजिनेला किंवा बारीक पानाची पिलिया. पिलिया बी टाकून पसरते तेव्हा दर आठवड्याला उपटत राहा. सड्याच्या भागासाठी बारीक कोरियन लॉन, चार-पाच काड्या पुरेत, कात्रीनं तासत राहायचं. फुलांसाठी क्युफिया. जांभळी, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी फुलं येतात आणि डिसेंबरात भरपूर असतात.

इतक्यातली सगळी लावू नका. पाच जाती खूप झाल्या. तीन असतील तर आणखी बरं.

दगड जूनमध्येच रचा, पाऊस त्यावरून जाऊ दे. माती बसते, दगड हलतो का ते कळतं, आणि काळ्या दगडावर आपोआप शेवाळ धरतं, ते दही-ताक फासून येत नाही तसं येतं. रोपं मात्र गौरी-गणपती झाल्यावर लावा. सप्टेंबर अखेर ते डिसेंबर, तेवढ्या काळात मुळं चांगली धरतात. परीक्षक रोप दोन बोटांत धरून हलकं ओढून बघतात, मीही बघते. हललं की गुण गेले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची तयारी: पिकलेली पानं चिमट्यानं काढा. दगडावरचे पाण्याचे पांढरे डाग टूथब्रशनं घासा. कुंडी बाहेरून पुसा. मग मातीवर त्याच दगडाची बारीक खडी पसरा, काळ्या कड्याखाली काळी, जांभ्याभोवती जांभ्याचा चुरा. खडी रोपाच्या गळ्याखाली हातानं सारून बसवा, नुसती वरून टाकलेली दिसते. पांढरे मार्बलचे खडे आणलेत तर दादांचे सगळे कष्ट वाया. पाणी आदल्या सकाळी द्या, नेताना नको. जड होतं आणि खडी सरकते.

राजारामपुरीची_गच्ची

दोघांचे आणि सुभेदार साहेबांचे मनापासून आभार. भाच्याला फोन करून रोपं नको म्हणून सांगितलं. त्याला थोडं वाईट वाटलं, पण सह्याद्रीच्या कड्याची कल्पना ऐकून तोच जास्त खूश झाला.

तीन गोष्टी विचारते. दगड एकमेकांना सिमेंटनं जोडू का? रिक्षात हलतील अशी भीती वाटते. दुसरं, सासूबाईंचा आग्रह आहे की कड्यावर जोतिबाचं छोटं दगडी देऊळ ठेवावं. आणि तिसरं, पावसाळाभर कुंडी उघडी ठेवायची तर रोपं लावल्यावर परतीच्या पावसाचं काय करायचं?

जांभा_आणि_काळा

सिमेंट नको. जोडलात की फट बंद झाली, आणि फट हीच तर मुळाची जागा. दोन दगडांमधे दगडाचीच पाचर मारा. कपचीचा निमुळता तुकडा हातोडीनं हलका ठोकायचा, बिनचुन्याचं गडगं रचतात तसं. मग माती काठीनं ठासून भरा, एकेक मूठ. पोकळी राहिली तर दगड हलतोच, आणि मूळही तिथं येऊन वाळतं. रचून झालं की कुंडी उचलून दोनदा तिरकी करून बघा. आत्ता काही घसरलं तर बरंच, डिसेंबरात घसरायला नको.

देवळाचं: सासूबाईंचा मान राखायचा असेल तर राखा, पण मग सगळी बाग त्या देवळाच्या मापाची झाली पाहिजे. देऊळ दोन इंचाचं ठेवलंत आणि ते खऱ्यात तीस फुटी धरलंत, तर शेजारचं सहा इंची सेरिसा नव्वद फुटांचा वृक्ष होतो. कड्याच्या धारेवर नव्वद फुटी झाड कुणी बघितलंय? देऊळ काढलं की तेच झाड वाऱ्यात वाढलेलं करवंदाचं झुडूप वाटायला लागतं. माझं मत, देऊळ घरात बागेशेजारी ठेवा आणि कडा मोकळा राहू दे. सांगलीच्या ताईंना परीक्षणाचा अनुभव आहे, त्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

परतीच्या पावसाला पॉलिकार्बोनेटच्या शीटचा तुकडा चार विटांच्या खांबावर तिरका टाका, कुंडीपासून हातभर वर. चारी बाजू मोकळ्या पाहिजेत, वारा अडला की बुरशी येते. प्लास्टिकचा कागद बांधू नका, आत घाम धरतो. पाऊस उघडला की शीट लगेच काढा, नाहीतर सेडम उन्हासाठी मान वर काढेल आणि उशी मोडेल.

कृष्णाकाठची_बाग_सांगली

देवळाबद्दल दादांशी पूर्ण सहमत. मी परीक्षक असते तर प्रमाणाचे गुण कापले असते, भक्तीभाव कितीही असला तरी. आणि ताई, सेरिसा आत्ताच आणून ठेवा, बागेत नंतर लावायचं असलं तरी. चार महिने छोट्या कुंडीत ठेवून दर पंधरा दिवसांनी शेंडे खुडत राहिलात तर लावायच्या वेळेपर्यंत डोकं भरून येईल. फांद्या एका बाजूला वळवायच्या असतील तर तार या पावसातच बांधा, कोवळ्या असताना. नोव्हेंबरात तार सोडवा, खोडावर तिचे वळ उठलेले परीक्षकाला चटकन दिसतात.

राजारामपुरीची_गच्ची

ठरलं मग. सासूबाईंना मी समजावते. उद्याच बापट कॅम्पला परळ सांगून येते आणि खोक्याचाही एक नमुना करून बघते. दादा, जांभ्याचा तुकडा केवढा घेऊ?

जांभा_आणि_काळा

दोन्ही वितींची बोटं जुळवून जेवढा घेर होईल तेवढा, त्याहून मोठा नको. उंची घेराच्या निम्मी. छिन्नी अर्धा इंची घ्या, रुंद छिन्नीनं चिरा फुटतो. भोकं पाडताना दगड वाळूच्या गोणीवर ठेवा, फरशीवर नको. कपच्या निवडताना पाणी मारून बघा, ओल्या असताना ज्यांचा रंग एकमेकींशी जुळतो तेवढ्याच ठेवा. रचून झालं की इथं समोरून एक आणि वरून एक फोटो टाका, रोपं आणायच्या आधी.